थायरॉइडची गोळी आणि सात दिवसांचं गणित

“मला थायरॉइड आहे,” असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. खरं तर थायरॉइड सगळ्यांनाच असतो. गळ्यात समोरच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखरासारखे पंख पसरून बसलेली वीसेक ग्रॅमची ती एक ग्रंथी आहे. शाळेच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हटलेलं असतं, पण तो शब्द पुस्तकाबाहेर काही आला नाही. म्हणणाऱ्याला म्हणायचं असतं ते इतकंच: माझी ही ग्रंथी कमी काम करतेय, डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि बहुतेक जन्मभर.

हा “जन्मभर” दवाखान्यातून घरी येईपर्यंत डोक्यात घुमत राहतो. अकरा वर्षांपूर्वी मी ती बाटली घेऊन घरी आले तेव्हा माझंही तेच झालं होतं. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं आणि बदलणं हे त्यांचंच काम. पण ही गोळी पोटात गेल्यावर करते काय आणि तिच्याबरोबरच्या सूचना कशासाठी असतात, हे मला तेव्हा कुणी समजावलं असतं तर माझ्या बऱ्याच चुका टळल्या असत्या. गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्याहून अधिक सूचनांचं कारण एकाच आकड्यात आहे: सात दिवस. त्याच्याकडे येतेच, पण आधी ही ग्रंथी आणि तिचा मुकादम.

मुकादमाचा आवाज

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-फोर नावाचं संप्रेरक बनवते. त्यालाच थायरॉक्सिन म्हणतात. नावातला चार म्हणजे आयोडिनचे चार अणू. रक्तातून ते सगळीकडे पोचलं की पेशी त्यातला एक अणू काढून टाकतात, आणि उरतं ते टी-थ्री. प्रत्यक्ष काम हे टी-थ्री करतं. शरीराने ऊर्जा किती वेगाने वापरायची हे त्याच्यावर ठरतं, म्हणून ते कमी पडलं की सगळंच मंदावतं. नाडी संथ होते, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, भर उन्हाळ्यात पंखा नकोसा होतो, पाळी बिघडते, आणि सकाळी उठतानाच माणूस दमलेला असतो. यातलं एकेक लक्षण सुटं पाहिलं तर ते वयावर, कामावर किंवा आळसावर ढकलता येतं. बायकांच्या बाबतीत ते ढकललं जातंही, वर्षानुवर्षं.

ग्रंथीवर देखरेख ठेवायला मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी बसलेली आहे. तिला मुकादम समजा. रक्तात थायरॉक्सिन कमी दिसलं की हा मुकादम ओरडतो, “अगं, कर की काम!” रिपोर्टवर जो टीएसएच (पियुषिकेचं संप्रेरक) छापलेला असतो तो म्हणजे या ओरडण्याचा आवाज. साधारण ०.४ ते ४ ही त्याची नेहमीची पट्टी, लॅबप्रमाणे थोडी पुढेमागे. काम नीट चाललं असेल तर मुकादम हळू बोलतो. ग्रंथी ढेपाळली की आवाज चढतो, १२ होतो, ३० होतो, कधी शंभराच्या वरही जातो.

इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. “टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड वाढला” असं लोक म्हणतात आणि गोळी “तो कमी करण्यासाठी” आहे असं समजतात. आहे नेमकं उलटं. थायरॉक्सिन कमी आहे म्हणून टीएसएच जास्त आहे. गोळीने थायरॉक्सिन भरून निघतं आणि मग मुकादम आपोआप शांत होतो.

ग्रंथी ढेपाळते कशाने? आयोडिनयुक्त मीठ खाणाऱ्या घरांत बहुतेकदा कारण असतं ते स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली अशा ग्रंथींचं वर्णन पहिल्यांदा केलं, म्हणून हा आजार त्याच्या नावाने ओळखला जातो. अँटी-टीपीओ ही रक्ताची चाचणी त्याचाच माग काढते. म्हणजे तुम्ही काही चुकीचं खाल्लंत म्हणून हे झालेलं नाही, आणि मीठ वाढवून किंवा समुद्री शेवाळाच्या महागड्या कॅप्सूल घेऊन ते बरंही होणार नाही. जादा आयोडिनने कधीकधी बिघडतंच. कोबी-फ्लॉवर सोडायचीही गरज नाही. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात, खुशाल खा. एकटं पडल्यासारखंही वाटून घेऊ नका: मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रौढांपैकी जवळपास ११ टक्क्यांची थायरॉइड ग्रंथी मंद आढळली होती.

आठशे सत्तर मेंढ्या

लेव्होथायरॉक्सिन हे गोळीतल्या पदार्थाचं नाव. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही त्याच पदार्थाची वेगवेगळ्या कंपन्यांची नावं. आणि हा पदार्थ म्हणजे तुमची ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते तेच, अणूला अणू जुळणारं. एरवी औषध म्हणजे शरीराला परकी वस्तू. इथे शरीरात जे कमी पडलंय तेच बाहेरून घालतोय.

ही कल्पना १८९१ सालची. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून तो ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. आजाराने ती सुजलेली, मंदावलेली होती. ती सुधारली, आणि पुढे हाच अर्क तोंडाने घेत आणखी २८ वर्षं जगली. त्यासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे शुद्ध स्फटिक वेगळे काढले, आणि १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. प्राण्यांच्या ग्रंथींपासूनचं औषध मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिलं. आजच्या गोळीतलं थायरॉक्सिन रसायनांपासून तयार होतं, प्राण्यापासून नाही. शाकाहारी घरांतून हा प्रश्न हमखास येतो म्हणून मुद्दाम सांगितलं.

झिरपणारा रांजण

आता सात दिवस. रक्तात गेलेलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो. डोकेदुखीची गोळी काही तासांत संपते. ही आठवडाभर रेंगाळते.

एक झिरपणारा रांजण डोळ्यांपुढे आणा. त्यातलं पाणी आठवड्यात निम्मं होतं, म्हणजे रोज जेवढं असेल त्याचा साधारण दहावा हिस्सा झिरपून जातो. रांजण रिकामा आहे आणि तुम्ही रोज सकाळी एक तांब्या पाणी ओतताय. पहिल्या दिवशी तळाशी तांब्याभर पाणी, त्याने काय होणार? पण पातळी चढत जाते. ती चढेल तसं झिरपणंही वाढतं. रांजणात साधारण दहा तांबे झाले की रोज एक तांब्या आत आणि एक तांब्या बाहेर, असा मेळ बसतो आणि पातळी थांबते. तिथवरचा प्रवास असा: पहिल्या आठवड्याअखेर निम्मी पातळी, दुसऱ्याअखेर ७५ टक्के, तिसऱ्याअखेर ८७, चौथ्याअखेर ९४. पाच-सहा आठवडे धरा. मंदावलेल्या शरीरात हे झिरपणंही मंद असतं, म्हणून थोडं जास्तच. त्यावर इतके महिने ओरडत असलेला मुकादम शांत व्हायलाही वेळ घेतो.

हा रांजण एकदा समजला की पुढचं बरंच काही न सांगता कळतं. चार दिवस गोळी घेऊन “काहीच फरक नाही” वाटतं, कारण अजून रांजण अर्धाही भरलेला नाही. पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी सांगतात, कारण त्याआधीचा आकडा अर्ध्या वाटेवरचा असतो आणि त्यावर डोस बदलला तर भलताच ठरतो. एखाद्या दिवशी गोळी विसरली तर आकाश कोसळत नाही. पातळी फार तर दहाव्या हिश्शाने उतरते. आठवली की घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवली तर दोन एकदम घेतल्या तरी चालतं असं बरेच डॉक्टर सांगतात, पण हृदयाचा आजार असेल तर हे आधी विचारून ठेवा.

आणि यातच एक सापळा आहे. सहा महिन्यांनी टीएसएच २.५ येतो, घरचे म्हणतात, “नॉर्मल आलं की, आता कशाला गोळ्या?” बंद करून बघितलं तर आठ-दहा दिवस काहीच होत नाही. उलट “बघ, काही झालं नाही” असा कौल मिळतो. होणार कसं? रांजणातलं साठलेलं पाणी चाललेलं असतं. महिन्या-दोन महिन्यांनी पाय जड होतात, चेहरा सुजतो, तोवर गोळी बंद केल्याचं विसरायलाही झालेलं असतं. काढे, आसनं, कुणाच्या ओळखीतल्या वैद्यांची पुडी, हे सुरू करून गोळी सोडणाऱ्यांचं बहुधा असंच होतं. रिपोर्ट नॉर्मल आला तो रोज ओततोय म्हणून.

काहींच्या बाबतीत मात्र ग्रंथी खरोखर सावरते. बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला सूज येऊन ती काही महिने मंदावते आणि पुन्हा चालू लागते. शिवाय टीएसएच ४ ते १० च्या मध्ये आणि टी-फोर नॉर्मल असेल तर कित्येकांना गोळी लागतच नाही. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून बघतात. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच, त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या ६ ला घाबरून लगेच गोळी देण्यात शहाणपणा नसतो. तेव्हा सुरुवातीलाच डॉक्टरांना सरळ विचारा: माझं कारण कोणतं, आणि हे कायमचं आहे की तात्पुरतं?

डोस केवढा, तर ग्रंथी जवळपास पूर्ण बंद असलेल्या प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम. समजा, साठ किलोची, एरवी धडधाकट बाई, तर तिला रोज शंभराच्या आसपास. ग्रंथी थोडीफार चालत असेल तर याहून कमी पुरतं. वयस्कर माणूस किंवा हृदयरोगी असेल तर १२.५ किंवा २५ पासून सुरू करून हळूहळू चढवतात, कारण मंद गतीची सवय झालेल्या हृदयाला एकदम पळायला लावलं तर छातीत दुखू शकतं. एककाकडे नीट बघा: मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम नव्हे. शंभर मायक्रोग्रॅम रोज घेतले तरी अख्ख्या वर्षाचं थायरॉक्सिन मिळून ३६.५ मिलिग्रॅम होतं, चिमटीतल्या मिठाहून कितीतरी कमी. एवढ्याशा वस्तूत थोडी चूकही मोठी ठरते, म्हणून मेडिकलमधून बाटली घेताना २५, ५०, ७५ यातला आपला आकडा आणि कंपनी वाचून घ्यावी. कंपनी शक्यतो बदलू नये. बदललीच तर सहा आठवड्यांनी रक्त तपासावं.

चहाचं काय?

डॉक्टर म्हणतात, “उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास.” आपण म्हणतो, “हो.” आणि मनात म्हणतो, चहा म्हणजे काही खाणं नव्हे.

आहे. आपल्या चहात दूध असतं, दुधात कॅल्शियम, आणि ते थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतं. गोळी पोटात जाते पण रक्तात पुरती उतरत नाही. कॉफीनेही असाच अडथळा येतो. सोयाबीनच्या पदार्थांचंही तेच. त्यामुळे उठल्या उठल्या आधी गोळी, मग आंघोळ, पाणी भरणं, डब्याची तयारी, आणि मग चहा. मी बाटली उशाशी ठेवते, शेजारी फुलपात्रात पाणी. आधी ती देवघराजवळ ठेवली होती, तिथे पोचेपर्यंत वाटेत स्वयंपाकघर लागायचं आणि गॅसवर आधण चढायचं.

सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना घेता येते, शेवटच्या खाण्याला तीन तास तरी झालेले हवेत. रात्रपाळीवाल्यांना आणि रोजे धरणाऱ्यांना हे सोयीचं पडतं. निर्जळी उपवासाच्या दिवशीही हाच मार्ग. चतुर्थी-एकादशीच्या साध्या उपवासाचा प्रश्नच नाही, पाणी चालतं. फक्त गोळीनंतर लगेच साबुदाण्याच्या खिचडीवर तुटून पडू नये.

चहापेक्षाही वाईट जोडी म्हणजे लोहाची आणि कॅल्शियमची गोळी. दोन्हींपासून चार तासांचं अंतर हवं. हे मी स्वतः भोगलंय. दोन वर्षं माझा टीएसएच शहाण्यासारखा वागत होता, मग एकदम ९ आला. डोस वाढवला, तरी पुढचा रिपोर्ट तसाच. शेवटी तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, “आणखी काय काय घेता?” गुडघ्यांसाठी कॅल्शियम सुरू झालं होतं आणि “सगळ्या एकदाच घेऊन टाकू” म्हणून मी ते याच गोळीबरोबर गिळत होते. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर नेलं आणि डोस परत जुन्यावर आला. आम्लपित्तासाठी महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्यांनीही शोषण घटतं, तेही सांगावं.

अंतराइतकंच महत्त्व सातत्याला आहे. रोज न चुकता चहाबरोबरच घेणारा माणूस असेल तर त्याचा डोस त्या सवयीला धरून बसवता येतो. आज उपाशीपोटी, उद्या चहाबरोबर, परवा पोह्यांनंतर, असं चाललं तर मात्र कुठल्याच रिपोर्टला अर्थ राहत नाही.

पहिले काही महिने

सुधारणा एका सुरात येत नाही. चेहऱ्यावरची सूज, बद्धकोष्ठता, थकवा हे दोन-तीन आठवड्यांत हलायला लागतात. त्वचेला जास्त वेळ लागतो. केस सगळ्यात उशिरा. त्यांचं चक्रच काही महिन्यांचं असतं, त्यामुळे गोळी सुरू केल्यावरही दोन-तीन महिने गळती चालू राहू शकते आणि दोष गोळीला मिळतो.

याच काळात केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू होतात. त्यांनी थायरॉइडचं काही बिघडत नाही, बिघडतो तो रिपोर्ट: लॅबच्या काही पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो. तपासणीआधी दोन दिवस तरी त्या बंद ठेवा.

वजनाबद्दल स्पष्टच सांगते. मंद थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा दोन ते पाच किलोंचं असतं आणि त्यात बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा आणि क्षारांचा. तेवढं उतरतं. बाकीचे पंधरा किलो थायरॉइडच्या खात्यावर टाकता येत नाहीत, आणि ते उतरवण्यासाठी मनानेच डोस वाढवणं धोक्याचं आहे. जास्त झालेल्या थायरॉक्सिनने छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते. दीर्घकाळ जास्त राहिलं तर हृदयाचा ठोका अनियमित होऊ शकतो आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं विरळ होतात. धडधड वाटली तर डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

गोळी सुरू होण्यापूर्वीच काही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालायच्या: हृदयाचा त्रास, मधुमेहाचं औषध, रक्त पातळ करण्यासाठी वॉरफॅरिन, फिटच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या. खूप अशक्तपणा, घटलेलं वजन, उतरलेला रक्तदाब आणि काळवंडलेली त्वचा असं एकत्र असेल तर तेही सांगा. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी बंद पडत असतील तर आधी त्यांचा उपचार लागतो. तो सोडून थायरॉक्सिन सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं.

दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर ते सगळ्यांत आधी सांगायचं. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेशी चालत नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईच्याच रक्तातून जातं. म्हणून गरोदरपणात डोस साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो. पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच, पुढच्या भेटीची वाट न पाहता, आठवड्याला दोन जादा गोळ्या सुरू करा असं कित्येक डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. ते तुमच्या डॉक्टरांकडून विचारून ठेवा. त्यानंतर दर चार आठवड्यांनी तपासणी. “पोटुशी बाईने औषधं घेऊ नयेत” हा सल्ला या गोळीला लावायचा नाही. आणि गरोदरपणात लोह-कॅल्शियम हमखास असतंच, तेव्हा चार तासांचं अंतर इथे आणखी काटेकोर पाळा.

बाटलीला ऊन, ओल आणि उष्णता चालत नाही. गॅसजवळचं फडताळ आणि न्हाणीघर दोन्ही वर्ज्य. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात झाकण विशेष घट्ट लावा. गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका.

पहिली गोळी घेतली की भिंतीवरच्या कालनिर्णयात सहा आठवडे मोजून तारखेला गोल करा. रक्त सकाळी द्या, शक्यतो दरवेळी त्याच लॅबमध्ये, आणि गोळी घेण्याआधी. गोळी घेऊन गेलात तर काही तास टी-फोर चढलेला दिसतो. तेव्हा त्या दिवशी गोळी पर्समध्ये टाकून न्यायची आणि रक्त देऊन झालं की लॅबच्या दारातच पाण्याबरोबर घ्यायची. समोरच्या टपरीवरचा चहा अर्ध्या तासाने.